अग्निरोधक दार आणि दुबळा हात



न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ‘ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट’ नावाची एकोणीस मजली इमारत आहे. ९ जानेवारी २०२२ च्या सकाळी तिच्या खालच्या मजल्यावरच्या एका घरात विजेच्या हीटरमुळे आग लागली. ज्वाळा त्या घरापलीकडे फारशा गेल्या नाहीत, तरीही १७ माणसं दगावली. त्यांत ८ मुलं होती. सगळ्यांचा जीव धुराने घेतला. घरातली माणसं बाहेर पळाली, तेव्हा मागे आपोआप मिटायला हवं होतं ते दार उघडंच राहिलं. वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचं दारही मिटलं नाही. धुराला सरळ वाट मिळाली.

अग्निरोधक दार, म्हणजे आपल्या बोलण्यातलं ‘फायर डोअर’, बंद राहिलं पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण जे दार स्वतःच्या जोराने मिटतं, ते उघडायला त्याहून जास्त जोर लावावा लागतो, आणि तेवढा जोर प्रत्येकाच्या हातात नसतो. संधिवाताने बोटं वाकलेल्या बाई, पोलिओ झालेले गृहस्थ, कुबड्या घेऊन चालणारा तरुण, स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराची मुलगी, छातीच्या शस्त्रक्रियेनंतर ‘काही ओढू-ढकलू नका’ असं डॉक्टरांनी बजावलेला रुग्ण, कडेवर बाळ असलेली आई, सात-आठ वर्षांचं मूल. या सगळ्यांना हे दार रोज अडवतं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या सुमारे ३० लाख महाराष्ट्रातल्या. वर सांगितलेल्यांतले निम्मे लोक त्या नोंदीत येतच नाहीत.

दार जड का लागतं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. अर्धा तास आग थोपवणारं भरीव लाकडी दार चाळीस-पन्नास किलोच्या घरात जातं, तासभर थोपवणारं त्याहून बरंच जड. मग लोक म्हणतात, ‘दारच जड आहे, त्याला काय करणार?’ पण ते वजन बिजागऱ्या पेलतात. चांगल्या बिजागऱ्यांवर सरळ बसवलेलं ऐंशी किलोचं दार एका बोटाने हलतं. हाताला जो विरोध जाणवतो तो वेगळ्या तीन गोष्टींचा असतो: दार आपोआप मिटावं म्हणून वर बसवलेल्या डोअर क्लोजरच्या स्प्रिंगचा, कडांना लावलेल्या धूररोधक पट्ट्यांच्या घर्षणाचा, आणि दाराच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातल्या फरकाचा. दाराचं वजन कमी करता येत नाही. या तिन्ही गोष्टींवर मात्र उपाय आहेत.

पहिली गोष्ट स्प्रिंगची. युरोपीय मानकात डोअर क्लोजरचे एक ते सात असे जोराचे आकडे आहेत, आणि अग्निरोधक दारावर किमान तीन आकड्याचा क्लोजर लागतो. त्याने दार मिटण्याच्या अखेरच्या टप्प्यात किमान १८ न्यूटन-मीटर एवढा पीळ द्यायलाच हवा, कारण तिथेच पट्ट्यांचा विरोध मोडून कडी खाचेत बसायची असते. आता क्लोजर काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो. उघडताना आपण घातलेल्या जोरातला काही भाग तेलात आणि घर्षणात जातो. या आकड्याच्या क्लोजरला किमान ५५ टक्के कार्यक्षमता पुरते. म्हणजे मिटताना १८ मिळवायचे तर उघडताना जवळपास ३३ घालावे लागतात. मूठ बिजागरीपासून ८५ सेंटिमीटरवर असली तर हाताला लागणारं बळ होतं साधारण ३९ न्यूटन. आणि इंग्लंडची इमारत-नियमावली सुगम दारासाठी सांगते, पहिल्या ३० अंशांपर्यंत ३० न्यूटनपेक्षा जास्त नको, पुढे ६० अंशांपर्यंत २२.५ पेक्षा जास्त नको. ३० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने तीन किलोचं ओझं. किमान दर्जाचा क्लोजर पट्ट्यांचं घर्षण धरण्याआधीच ही मर्यादा ओलांडतो. दोन नियम, दोन्ही योग्य, आणि एकाच दारावर दोन्ही पाळायचे तर क्लोजर विचारपूर्वक निवडावा लागतो. ‘मिळेल तो स्वस्तातला’ बसवून हे गणित सुटत नाही.

हवेच्या दाबाचं गणित त्याहून कठीण आहे. उंच इमारतीत जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्याने हवा भरून दाब वाढवतात. हा फरक बहुधा ५० पास्कलचा असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. दोन चौरस मीटरच्या दारावर मात्र त्याचं बळ १०० न्यूटन होतं. ते दाराच्या मध्यावर लागतं म्हणून मुठीपाशी निम्मं धरू, तरी ५० न्यूटन. त्यात क्लोजरचे पस्तीस-चाळीस मिळवले की नऊ किलोच्या आसपास झाले. हे ऐन आगीच्या वेळी, जिन्यात शिरताना. अमेरिकेतली जीवितसुरक्षेची संहिता तर असं दार हलवायला १३३ न्यूटनपर्यंत, म्हणजे साडेतेरा किलोच्या ओझ्याइतकं बळ चालवून घेते. धडधाकट माणूस खांदा लावून ते रेटतो. इतरांनी काय करायचं?

व्हीलचेअरवरच्या माणसाला हे दार कसं भेटतं ते जवळून पाहायला हवं. दार ढकलायचं असेल तर हाताने ढकललं की खुर्चीच मागे सरकते. मग एका हाताने चाक धरायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं, म्हणजे ताकद निम्मी. दार ओढायचं असेल तर प्रकरण अधिक बिकट. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताने एकच चाक मागे फिरवलं की खुर्ची सरळ मागे न जाता गर्रकन वळते. तेवढ्यात उघडलेलं दार परत येऊन पायाच्या फळीवर आदळतं. त्या फटीत पायाची फळी घुसवून, दार अंगावर घेत, इंच-इंच पुढे सरकायचं. दाराच्या कडीच्या बाजूला भिंत लगेच असेल तर खुर्ची तिरपी उभी करायलाही जागा नसते. म्हणूनच अमेरिकेच्या मानकात ओढायच्या बाजूला कडीपलीकडे ४५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडायला सांगितली आहे. आपल्याकडे नेमक्या त्याच कोपऱ्यात कचऱ्याचा डबा, नाहीतर कुंडी असते.

कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाची अडचण आणखी वेगळी. त्याचे दोन्ही हात आधारात गुंतलेले. दाराला जोर लावायचा तर आधारच सोडावा लागतो.

मराठी वाचकांना खुर्चीच्या उंचीवरून जग कसं दिसतं हे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने दाखवलं. त्या पुस्तकानंतर पायऱ्यांचा विचार आपण थोडाफार करू लागलो, रॅम्प दिसू लागले. दारापाशी मात्र विचार थांबला. रॅम्प चढून वर आलेला माणूस पुढच्या दारापाशी कोणीतरी येण्याची वाट पाहत थांबतो, आणि त्याला आपण ‘सुगम इमारत’ म्हणतो. हे मान्य करण्यासारखं नाही.

दाराच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. दार कसं असावं हे ठरलं ते ज्यांना ते उघडता आलं नाही अशा माणसांच्या मृत्यूनंतर. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलँड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ संपला आणि खाली बक्षिसं वाटताहेत म्हणून सज्ज्यातली मुलं जिन्याने धावत सुटली. जिन्याच्या तळाशी दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि एका वेळी एकच मूल बाहेर पडेल एवढं किलकिलं ठेवून खिटी लावलेलं. १८३ मुलं चेंगरून मेली. आग नव्हती, धूर नव्हता, फक्त दार होतं. या दुर्घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्ज याने आतून नुसत्या रेट्याने सुटणारी कडी तयार केली आणि १८९२ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

पुढे ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोचं इरोक्वाय थिएटर पेटलं. ६०२ बळी. अनेक दारांना प्रेक्षकांना ठाऊक नसलेल्या तऱ्हेच्या कड्या होत्या, त्या अंधारात आणि गर्दीत उघडेनात. इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत काम करणारा कार्ल प्रिन्झलर त्या खेळाला जायचा होता, पण कामामुळे राहून गेला. त्याने ही गोष्ट मनाला लावून घेतली, आणि वास्तुरचनाकार हेन्री ड्यूपाँटच्या साथीने दारावरचा आडवा दांडा घडवला. तो १९०८ च्या सुमारास बाजारात आला. अंग टेकलं की दार सुटतं. आज मॉलमध्ये, नाट्यगृहात, इस्पितळात दिसतो तो दांडा हाच. बोटांची पकड नसलेल्या माणसालाही तो दंडाने, कोपराने, खुर्चीच्या धडकेने उघडता येतो. कडी सोडवण्याचं काम त्याने सोपं केलं. स्प्रिंगचा जोर तेवढा शिल्लक राहिला.

त्या उरलेल्या जोराविषयी बोलायला अपंग माणसांनाच पुढे यावं लागलं. रॉन मेस हा अमेरिकन वास्तुरचनाकार लहानपणी पोलिओ होऊन व्हीलचेअर वापरू लागला. इमारत काहींसाठी खास सोय म्हणून नको, सगळ्यांना वापरता येईल अशीच मुळात बांधावी, हा सर्वसमावेशक रचनेचा विचार त्याने मांडला. १९९७ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांसह जी सात तत्त्वं प्रसिद्ध झाली, त्यांत ‘कमी शारीरिक श्रम’ हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला होता. त्याखालच्या मानकांनुसार इमारतीतलं आतलं दार उघडायला २२ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर बळ लागता कामा नये. पण त्याच कलमात अग्निरोधक दाराला सूट आहे. त्याच्यासाठी स्थानिक अधिकारी मान्य करतील तेवढं किमान बळ, एवढंच म्हटलं आहे.

म्हणजे बैठकीच्या खोलीचं दार हलकं असणं सक्तीचं, आणि जीव वाचवायच्या वाटेवरचं दार जड असलं तरी चालेल. या सुटीमागचं कारण खरं आहे: दार मिटलंच नाही तर सगळेच मरतील. तरी अपवाद कायद्यात लिहिला म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण माणसं जड दार सहन करत नाहीत. ती ते उघडं अडकवून ठेवतात. कुठे पाचर, कुठे वीट, कुठे अग्निशामक नळकांडंच दाराला टेकवलेलं. आपल्या सोसायट्यांत जिन्याचं दार सुतळीने रेलिंगला बांधलेलं दिसतं, किंवा क्लोजरचा हात काढून वर लटकत ठेवलेला. आजोबांना दार उघडत नाही म्हणून वॉचमनने बांधलेलं असतं. वॉचमनचा हेतू चांगला, आणि परिणाम ब्रॉन्क्ससारखा होऊ शकतो. जे दार दुबळ्या हाताला उघडत नाही, ते फार दिवस अग्निरोधक राहतच नाही, हे या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं व्यावहारिक सत्य आहे. सुगमतेची मागणी करणारे आणि अग्निसुरक्षेची काळजी वाहणारे एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा दोघांचंही नुकसान होतं.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ उडिंगस्टन इथे रोझपार्क नावाचा वृद्धाश्रम होता. ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे तिथल्या एका कपाटात आग लागली. १४ वृद्ध गेले. बऱ्याच खोल्यांची दारं उघडी होती, आणि ती आपोआप मिटवणारी सोय नव्हती. पुढे न्यायालयीन चौकशीत निष्कर्ष निघाला की खोल्यांची दारं बंद असती तर काही मृत्यू टळू शकले असते. दार उघडं असावं असं म्हातारपणी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. हाक मारली तर कोणाला ऐकू जावी, रात्री उठताना दाराशी झटापट नको. त्या इच्छेला दोष देऊन उपयोग नाही. तिची सोय करून सुरक्षितता साधायला हवी, आणि ते तंत्र आज उपलब्ध आहे.

उपाय अनेक आहेत, आणि सगळे खर्चिक नाहीत. वर्दळीच्या मार्गिकेतलं दार भिंतीवरच्या विद्युतचुंबकाने उघडं धरता येतं. चुंबक आगीच्या भोंग्याच्या यंत्रणेला जोडलेला असतो. भोंगा वाजला की वीज तुटते, चुंबक सुटतो, दार मिटतं. आपल्याकडे वीज गेली की दार मिटेल, आणि ते तसंच व्हायला हवं, कारण बिघाड झाला तर दार सुरक्षित बाजूलाच गेलं पाहिजे. बाहेर पडायला एकच जिना असेल तिथे मात्र अशी मुभा घेण्याआधी अग्निशमन अधिकाऱ्याशी बोलणं आवश्यक आहे. तारा ओढणं शक्य नसेल तर दाराच्या तळाशी बसणारं, भोंग्याचा आवाज ओळखून दार सोडणारं बॅटरीचं उपकरण मिळतं. ब्रिटनमध्ये जुन्या वास्तूंत ते सर्रास वापरतात.

वृद्धाश्रमातल्या खोलीसाठी त्याहून उत्तम उपाय म्हणजे मुक्त फिरणारा क्लोजर. एरवी दार साध्या दारासारखं हलकं हलतं, स्प्रिंग आत ताणून अडवून ठेवलेली असते. भोंगा वाजला की ती सुटते आणि दार मिटवते. आजींना रोज स्प्रिंगशी झगडावं लागत नाही. प्रवेशाच्या मुख्य वाटेवर बटण दाबून उघडणारी मोटर हा मार्ग आहे. आणि जिथे वीजच नको, तिथे हृदयाच्या आकाराचा कॅम असलेला सरकत्या पट्टीचा क्लोजर बसवावा. त्यात पहिले काही अंश जोर लागतो, मग तो झपाट्याने उतरतो. अंग दारातून जात असताना, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, दार हलकं होतं.

या सगळ्याच्या आधी साधी देखभाल. कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात लाकडी चौकट फुगते, बिजागऱ्या गंजतात, दार खाली उतरून फरशीला घासतं. मग कडी बसेना म्हणून कोणीतरी क्लोजरची स्प्रिंग पिळून घट्ट करतो. दोष बिजागरीचा, उपाय स्प्रिंगवर, आणि शिक्षा वापरणाऱ्याला. बिजागरी बदलून, दार रंधून नव्हे तर नीट टांगून, वाकलेली पट्टी बदलून स्प्रिंग पुन्हा सैल करता येते. (अग्निरोधक दार सुताराकडून रंधून घेऊ नये. कडेच्या फटीचं माप आणि तिथली उष्णतेने फुगणारी पट्टी यांवरच त्याचं काम चालतं.) गोल मुठीच्या जागी लांब दांड्याची मूठ बसवली तर बोटांची पकड लागत नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत कुठे आहे? राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अग्निसुरक्षेचा भाग आहे आणि सुगमतेचाही आहे. उंच इमारतीत जिन्याशी आणि लिफ्टच्या दालनाशी दोन तास टिकणारी दारं ती मागते. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचं आठवं कलम आपत्तीच्या प्रसंगी अपंगांना समान संरक्षण देतं, पंचेचाळिसावं कलम सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायला सांगतं. ते नियम २०१७ मध्ये झाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी यांच्या खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्या नियमांतला पंधराव्या नियमाचा पहिला भाग कायद्याशी विसंगत ठरवला. सुगमतेची मानकं केवळ मार्गदर्शक राहून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या हव्यात, असं न्यायालयाने म्हटलं. दृष्टिहीन असलेल्या रतूडी यांनी ही याचिका २००५ मध्ये केली होती.

सक्तीच्या त्या किमान गोष्टींत सुटकेच्या वाटेवरच्या दाराचं बळ असायलाच हवं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीत १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसं मेली. इमारतीत राहणाऱ्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ त्यात होती. त्या इमारतीत अनेक घरांच्या दारांचे क्लोजर निकामी किंवा गायब होते, हे चौकशी अहवालात आलं. दार मिटलं नाही म्हणून धूर पसरला, आणि ज्यांना भराभर बाहेर पडता येत नव्हतं त्यांना त्याची सर्वांत मोठी किंमत द्यावी लागली. मिटणारं दार सर्वांत जास्त गरजेचं आहे ते अपंग माणसालाच. म्हणून ‘आम्हाला उघडत नाही, क्लोजर काढून टाका’ ही मागणी त्याने करू नये, आणि तशी करायची पाळी त्याच्यावर आपण आणू नये.

महाराष्ट्रात एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘बी फॉर्म’ द्यायचा असतो. पंप चालतो का, नळात पाणी येतं का, हे पाहिलं जातं. जिन्याचं दार उघडायला किती बळ लागतं हेही त्याच वेळी पाहता येईल. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतला तानकाटा पुरेसा आहे. रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटाही ढोबळ अंदाज देतो. कडी सोडवून काट्याचा आकडा मुठीत अडकवायचा, दाराशी काटकोनात सावकाश ओढायचं, सर्वांत मोठा आकडा लिहून घ्यायचा. ढकलायच्या दाराला मुठीला दोरी बांधून पलीकडून ओढायचं. काटा तीन किलोच्या पुढे गेला तर आधी बिजागरी, मग पट्ट्या, मग क्लोजर, या क्रमाने मिस्त्रीला दाखवायचं. दार सोडल्यावर ते शेवटपर्यंत मिटून कडी बसते का, हेही लगेच तिथेच बघायचं.

श्रोत्यांमध्ये सोसायट्यांचे सेक्रेटरी असतील, शाळांचे आणि इस्पितळांचे विश्वस्त असतील. त्यांना विनंती अशी आहे: पुढची तपासणी होईल तेव्हा एजन्सीच्या माणसाबरोबर मजल्यावरच्या आजी, शेजारचं लहान मूल आणि व्हीलचेअर वापरणारा रहिवासी यांनाही बोलवा. दार त्यांना उघडू द्या, काट्यावरचा आकडा अहवालात लिहून घ्या, आणि दार बांधलेली सुतळी त्याच दिवशी सोडा. त्या दाराचा क्लोजर मात्र आधी दुरुस्त करा.